परतीचा ट्रक

५ एप्रिल, रविवार

ही डायरी ऋताच्या बँकेची आहे. तशीच पडून होती. मैत्रेयीने आणून दिली आणि म्हणाली, "बाबा, तू बोलत नाहीस, निदान लिही तरी." जानेवारी ते मार्चची पानं कोरी सोडून इथून सुरुवात करतोय.

काय लिहायचं ते ठरवून घेतो. माझ्या बायकोला, ऋताला, नोव्हेंबरमध्ये प्रमोशन मिळालं आणि इंदूरला बदली झाली. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत मी, मैत्रेयी, निषाद आणि आमची कुत्री सुतळी इथेच, कोपरखैरण्यात. मे महिन्यात सगळं घर तिकडे हलवायचं. हे काम माझ्याकडे आहे, कारण वेळ माझ्याकडे आहे. तुर्भ्यातली आमची रंगांची कंपनी सप्टेंबरमध्ये बंद झाली. मी तिथे क्वालिटी कंट्रोलला सतरा वर्षं होतो.

आज पॅकर्सवाल्याचा माणूस घर बघून गेला. कपाटं उघडून फोटो काढले. पंचावन्न हजार म्हणाला, आणि कुत्रा घेत नाही म्हणाला. ऋताला फोन केला. ती म्हणाली, "एवढे नकोत द्यायला. आणि सगळं सामान आणायची गरजच नाही, प्रसाद. मी यादी पाठवते."

८ एप्रिल, बुधवार

यादी आली. दोन पानं, खोलीवार. ऋताचं काम नेहमी असं स्वच्छ असतं. मुलांचे पलंग, मैत्रेयीचं टेबल, फ्रिज, वॉशिंग मशीन, तिचं कपाट, निषादची सायकल, मिक्सर, सुतळीची गादी, सुतळीचं पाण्याचं भांडं.

माझं लोखंडी कपाट आणि खिडकीजवळची खुर्ची यादीत नाही. माझ्या पुस्तकांचं शेल्फ पण नाही. घाईत राहून गेलं असणार. मी पेन्सिलने खाली लिहून ठेवलं.

१२ एप्रिल, रविवार

घरमालक गोटीराम म्हात्रे बाथरूमची गळती बघायला आले होते. इथल्याच गावातले, बिल्डिंग त्यांची, आणि ट्रक टर्मिनलजवळ त्यांचं छोटं ऑफिस आहे. मी जायचं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "सामान कसा नेताव?" पॅकर्सचा आकडा सांगितला तर ते हसले.

"इंदूरशी रोज बटाट्याच्या गाड्या येतान मार्केटला. माल उतरवला का रिकाम्या जातान परत. डायवरला डिझेलचा नि वर थोडा भेटला का तो खूश. तुमचा सगला सामान बसल, वर तुमी पन बसाल."

वीस-बावीस हजारात होईल म्हणाले. मी ऋताला मेसेज केला. तिने अंगठा पाठवला. मग तासाभराने वेगळा मेसेज आला, "थँक यू. तू हे नीट करतोयस." बरं वाटायला हवं होतं. वाटलं असेल.

१७ एप्रिल, शुक्रवार

खोकी आणि चिकटपट्टी आणायला वाशीला गेलो होतो. सकाळी दहाला निघालो, घरी आलो तेव्हा चार वाजले होते. मधे मी स्कूटर लावून खाडीच्या बाजूला बसलो होतो. किती वेळ ते आठवत नाही. निषादला क्लासहून आणायचं होतं. मैत्रेयी जाऊन घेऊन आली. तिचा उद्या भूगोलाचा पेपर आहे.

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "इट्स ओके. मी आईला नाही सांगितलं."

तिला हल्ली स्वयंपाकाची आवड लागलीय. परीक्षा चालू असूनही कुकर लावते आणि मला शेजारी उभं करते. "बाबा, बघ, डाळीला पाणी एवढं. तीन शिट्ट्या. हळद आधी घालायची. आता तू कर." मी केलं. तिने चव घेतली आणि वहीत लिहून फ्रिजला चिकटवून ठेवलं. तेराव्या वर्षी मी गॅसजवळ पण जात नव्हतो.

२६ एप्रिल, रविवार

परीक्षा संपल्या. ऋताने व्हिडिओ कॉलवर नवं घर दाखवलं. तळमजला आहे. मागे फरशीचं अंगण, एक पेरूचं झाड. घरमालकिणीला कुत्र्याची हरकत नाही. त्यासाठी ऋताने म्हणे सात घरं नाकारली. निषाद फोनमध्ये तोंड घालून बघत होता.

"ही तुमची खोली, आणि ही माझी," ऋता म्हणाली.

"आणि बाबा?"

ऋताने कॅमेरा पेरूच्या झाडाकडे केला. "बाबाला आधी तिथलं आवरायचंय ना."

मी म्हटलं, हो, इथलं बरंच आवरायचंय.

तिने सगळ्यांचा विचार केलाय. सुतळीला सावली कुठे मिळेल त्याचासुद्धा.

४ मे, सोमवार

शाळेतून दोघांचे दाखले घेतले. दुसऱ्या राज्यात जायचं म्हणून त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. त्यासाठी ठाण्याला गेलो. रांग होती. माझ्या पुढचा माणूस भोपाळला चालला होता, तो बोलत होता आणि मी मान हलवत होतो.

तिकडच्या शाळेचे फॉर्म ऋताने ऑनलाइन भरलेत. प्रिंट काढताना बघितलं. पालक म्हणून तिचं नाव, तिचा नंबर. "संपर्कासाठी दुसरी व्यक्ती" तिथे तिची मैत्रीण आहे, बँकेतली. बरोबर आहे. मी तिकडे कुणाला ओळखत नाही, पत्ते शोधत बसलो असतो.

९ मे, शनिवार

सुतळीला डॉक्टरकडे नेलं. लशी झाल्या, प्रवासाला योग्य असा दाखला मिळाला. ती नऊ वर्षांची आहे. ऋताला ती पावसात गॅरेजच्या शटरखाली सापडली होती, सुतळीसारखी बारीक. अजून तशीच आहे.

रेल्वेत कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवतात. मे महिन्यात लोखंडी पेटीत बारा-तेरा तास. ऋता नको म्हणाली, मी पण नको म्हटलं. निषादने ऐकलं आणि जेवला नाही.

गोटीरामच्या ऑफिसात ड्रायव्हर भेटला. भैरूलाल नाव, सगळे भैरू म्हणतात. इंदूरच्या पुढच्या कुठल्याशा गावचा. हिंदीत बोलला. कुत्री केबिनमध्ये चालेल, त्याच्याकडे घरी चार आहेत. पण तिला धरून कुणीतरी बसायला हवं, घाटात तो एकटा सांभाळू शकणार नाही. म्हणजे मी. ठरलं. मुलं ऋताबरोबर रेल्वेने, मी आणि सुतळी ट्रकने. शनिवार सोळा तारीख.

११ मे, सोमवार

बांधाबांध. मैत्रेयीने लेबलं केलीत, प्रत्येकाचा रंग वेगळा. आई लाल, ती निळी, निषाद हिरवा, स्वयंपाकघर पिवळं. माझा रंग विचारला तर म्हणाली, "तुझं शेवटी करू." तिच्या कपाटातून एक जुना फोटो निघाला, आम्ही चौघं, मी तिला खांद्यावर घेतलंय आणि काहीतरी बोलतोय, तोंड उघडं आहे. ती फोटो बघत म्हणाली, "तू किती बडबड करायचास." मग तो तिने निळ्या खोक्यात टाकला.

मला तो दिवस आठवत नाही.

१४ मे, गुरुवार

ऋता आली. बेलापूरला वैशालीकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे उतरलीय. इथे सगळीकडे खोकी आहेत, झोपायला जागा नाही, त्यामुळे ते सोयीचं. मुलं पण तिकडेच गेली. ऋताने केस कापलेत. बारीक झालीय. मला म्हणाली, "जेवतोयस ना?" मी हो म्हटलं.

उद्या बोलायचंय म्हणाली. यादीबद्दल असेल.

१५ मे, शुक्रवार

जसं झालं तसं लिहून ठेवतो.

दुपारी ऋता एकटीच आली. मी लोखंडी कपाट रिकामं करत होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, "ते राहू दे, प्रसाद. जरा बस."

बसायला खोकीच होती. दोघं दोन खोक्यांवर बसलो.

"हे कपाट येणार नाहीये."

"ट्रकमध्ये जागा आहे. मी मापं घेतलीयत."

"जागेचं नाही म्हणत मी." ती म्हणाली. "तू येणार नाहीयेस. सामान पोचवायला ये. पण राहायला नाही."

मी विचारलं, "कधीपर्यंत?"

"माहीत नाही."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. चालू होत नव्हती. मी मोजत होतो. अकरा झाल्या.

"मी तुला नोव्हेंबरमध्ये सांगितलं होतं," ती म्हणाली. "बोरिवलीला, प्लॅटफॉर्मवर. तू हो म्हणालास."

ते मला आठवतं. ती म्हणाली होती, आपण थोडे दिवस लांब राहून बघू. मला वाटलं बदलीबद्दल बोलतेय.

"कंपनी बंद झाली म्हणून नाही रे. ते चाललं असतं मला. माझे बाबा गेले तेव्हा तू हॉस्पिटलच्या खाली बाकावर बसून राहिलास. दोन तास. वर आलाच नाहीस."

"मला येता आलं नाही."

"का?"

मी विचार केला. खरंच केला. "माहीत नाही," म्हटलं.

"तेच. डॉक्टरकडे चल म्हटलं, तू हो म्हणालास, गेला नाहीस. रोज बँकेतून घरी आले की मी आधी तुझ्याकडे बघायचे, हा हलतोय ना म्हणून. दोन मुलं, नोकरी आणि वर हे. मला आता नाही जमत. मी वाईट बाई असेन तर असेन."

"तू वाईट नाहीस," मी म्हटलं. ते खरं आहे.

ती रडत नव्हती. मी पण नाही. काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून विचारलं, "मग या कपाटाला लेबल कुठलं लावू?"

ती उठली. मग स्वयंपाकघरात गेली. नळ चालू केल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मैत्रेयीला माहीत आहे?"

"मार्चपासून."

मार्चपासून.

१६ मे, शनिवार

सकाळी आठला ट्रक आला. हमाल चार. साडेअकराला भरून झालं. फ्रिज उभा ठेवलाय, वॉशिंग मशीनचा पाइप काढून टेपने चिकटवलाय. पलंगांचे नटबोल्ट पिशवीत घालून पिशवी पलंगालाच बांधली. काही फुटलं नाही.

ट्रकमध्ये अर्धी जागा उरली.

१८ मे, सोमवार

इंदूर. बसस्टँडवर बसून लिहितोय. बस सात वाजता आहे.

ट्रकचा प्रवास ठीक झाला. कसाऱ्याच्या घाटात सुतळी थरथरत होती, मी तिला मांडीवर घेतलं. नंतर डोकं खिडकीवर ठेवून झोपली. भैरू बोलत होता. त्याच्या बायकोबद्दल, लसणाच्या भावाबद्दल. मी फार उत्तरं दिली नाहीत, त्याला ते चाललं. धुळ्याच्या पुढे ढाब्यावर थांबलो. त्याने तिच्यासाठी न विचारता दोन कोरड्या रोट्या आणल्या. काल सकाळी महाराष्ट्र संपला, त्याने बोटाने दाखवलं. मला काही वेगळं दिसलं नाही.

काल दुपारी घरी पोचलो. मुलं दारातच होती. निषाद सुतळीला घेऊन अंगणात पळाला. मी पलंग जोडले, मशीन जोडलं, गॅस लावला, पडद्यांच्या दांड्या ठोकल्या. ऋता चहा देत होती. एकदा हातोडी देताना हात हाताला लागला, दोघंही सॉरी म्हणालो.

संध्याकाळी निषाद सगळ्या खोल्यांतून फिरून आला आणि म्हणाला, "बाबा, तुझी गादी राहिली वाटतं तिकडे."

मैत्रेयी पटकन म्हणाली, "निषाद, चल, सुतळीला फिरवून आणू."

मी त्याला खाली बसवलं. त्याला सांगायचं काम माझं आहे असं वाटलं. म्हटलं, "मी इथे राहणार नाहीये. मी तिकडे राहणार आहे."

"किती दिवस?"

"ते ठरलं नाही."

"मग सुतळीला कशाला आणलंस?"

तो रागावून गेला नाही, तिथेच बसून राहिला, माझ्या पायाला पाठ लावून. हॉलमध्ये चटई टाकून झोपलो. सकाळी ऋता बँकेत गेली. निघताना म्हणाली, "पोचलास की कळव." मुलांना मी पोहे करून दिले. चारला निघालो. मैत्रेयी कोपऱ्यापर्यंत आली. तिने माझा शर्ट खांद्यावर सरळ केला, आईसारखा. मग परत गेली.

हे सगळं मी लिहिलं आणि वाचलं. दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटतंय.

१९ मे, मंगळवार

पोचलो. कळवलं.

२५ मे, सोमवार

काही नाही. मागे राहिलेल्या जुन्या शेगडीवर वरण केलं होतं. दोन वेळा पुरलं.

२९ मे, शुक्रवार

गोटीराम किल्ल्या घ्यायला आले. करार एकतीसला संपतो. माझं कपाट, खुर्ची, शेल्फ आणि मधे मला बसलेलं बघून ते दारात थांबले.

"तुमी नाय गेलाव?"

"सामान पोचवून आलो."

"आनि तुमचा सामान?"

"मी इथेच आहे."

त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि समोर जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून त्यांना बसायला वेळ लागला. मी खुर्ची देतो म्हटलं, नको म्हणाले.

"पोरां कोनाकडं हान?"

"आईकडे. इंदूरला."

"इथं नोकरी भेटली का तुमाला?"

"नाही."

"आई-बाप हान इथं?"

"नाही. दोघंही गेले."

मग रागाने नाही, खरंच कळत नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मंग तुमी हितं काय करताव?"

मी म्हटलं, बायकोला मी घरात नकोय.

"घरात नको. गावात पन नको बोलली का?"

हे तिने म्हटलं नव्हतं. मी तसं सांगितलं. गोटीराम मान हलवत उठले. किल्ल्या घेतल्या नाहीत. जूनचे पंधरा दिवस राहा म्हणाले, रंग नंतर काढू.

ते गेल्यावर मी खुर्चीत बसलो. रोज बसतो तसंच. पण आज मला कळत होतं की मी बसलोय.

१ जून, सोमवार

पालिकेच्या रुग्णालयात गेलो. मनोविकाराची ओपीडी दोन तास उशिरा चालू झाली. दोनदा उठून बाहेर गेलो आणि दोनदा परत आलो. डॉक्टर बाई तरुण होत्या, पंचवीस-तीसच्या. झोप, भूक, सगळं विचारलं. शेवटी, "हे कधीपासून?"

मी सप्टेंबर म्हणणार होतो, कंपनी बंद झाली तेव्हापासून. पण सासरे गेले तो त्याच्या आधीचा मार्च. आणि बाकावर बसलो तेव्हा मला नवल वाटलं नव्हतं, म्हणजे ते त्याच्याही आधीपासून होतं. मी मागे मागे जात राहिलो. "तीन वर्षं असतील," म्हटलं.

"घरचे काय म्हणतात?"

"त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

बोलताना आवाज फाटला. मला वाटलं घसा बसलाय. डॉक्टर बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला तेव्हा कळलं.

गोळ्या दिल्यात. दोन-तीन आठवडे फरक वाटणार नाही म्हणाल्या. कागदावर इंदूरच्या सरकारी हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहून मागितली. ती मी का मागितली ते मागितल्यावर कळलं.

२ जून, मंगळवार

ऋताला जेवणाच्या सुट्टीत फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं होतं. कागद समोर धरून वाचलं.

"मी इंदूरला येतोय. तुझ्या घरात नाही. वेगळी खोली घेईन, भाड्याची, जवळ. काल डॉक्टरकडे गेलो होतो, गोळ्या चालू केल्यात. मला मुलांची शाळेची ने-आण करायचीय. तू नको म्हणालीस तर ने-आण करणार नाही, पण गावात येईन."

पलीकडे बँकेतले आवाज येत होते. टोकन नंबर पुकारत होते.

"वाचून दाखवतोयस का?" तिने विचारलं.

"हो."

"बरं." मग तिने कुणाला तरी 'दो मिनट' म्हटलं. "मी काही कबूल करत नाहीये, प्रसाद."

"मी काही मागत नाहीये."

"विसरलास एकदाही, तर मग बंद. निषाद एकटा गेटवर उभा राहिलेला मला चालणार नाही."

"हो."

"शाळा दीडला सुटते. गेट नंबर दोन."

१६ जून, मंगळवार

इंदूर. खोली एका किराणा दुकानाच्या वर आहे, ऋताच्या घरापासून पायी बारा मिनिटं. बाथरूम शेजाऱ्यांबरोबर. पाण्याच्या नमुन्यांची तपासणी करणाऱ्या एका लॅबमध्ये उद्या बोलावलंय, सकाळचे चारच तास, पगार थोडाच. गोळ्यांनी अजून काही वाटत नाही. तोंड कोरडं पडतं.

कपाट आणि शेल्फ गोटीरामकडेच ठेवून आलो. खुर्ची भंगारवाल्याला दिली.

आज शाळेचा पहिला दिवस. मी साडेबारालाच गेट नंबर दोनवर जाऊन उभा राहिलो. ऊन होतं. हळूहळू बाकीचे लोक जमले, रिक्षावाले, आज्या, टिफिनच्या पिशव्या घेतलेल्या बाया. एका बाईंनी विचारलं, "आपका कौन सी क्लास में?" मी म्हटलं, तिसरी में. अजून विचारलं, नए आए हैं? मी हो म्हटलं, आणि मग आपणहून सांगितलं, नवी मुंबई से.

दीडला घंटा झाली. मुलं सगळी एकदम आली. सगळ्यांचा गणवेश एकसारखा, मला निषाद सापडेना. एक क्षण मी घाबरलो, चांगलाच. किती दिवसांनी ते मला सांगता येणार नाही.

मग तो दिसला. त्याने मला बघितलं. पळत आला नाही, नवल केलं नाही. दप्तर काढून माझ्या हातात दिलं आणि चालायला लागला.

"बाबा, इथे बाई 'ळ' म्हणतच नाहीत," तो म्हणाला. "माझ्या शेजारच्याला मी 'सुतळी' म्हणून दाखवलं तर तो सुतली म्हणतो. त्याला येतच नाही. मी चार वेळा म्हणून दाखवलं."

"मग?"

"मग काही नाही. उद्या परत शिकवीन." रस्ता आला तसा त्याने न बघता हात वर केला, धरायला. "मैत्रेयीचा वर्ग दोनला सुटतो. आपण थांबायचं का तिच्यासाठी?"

मी म्हटलं, थांबू.